स्वतःला वजा करून

कानाच्या तपासणीसाठी मला एका छोट्या खोलीत बसवलं होतं. खोली कसली, कपाटच ते. भिंतींना स्पंजचे फुगवटे, समोर जाड काचेची खिडकी, आणि दार लागलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी," एवढीच सूचना. पहिले आवाज सोपे होते. मग ते बारीक होत गेले, आणि एका क्षणापासून मला मीच ऐकू यायला लागले. आधी श्वास. मग आवंढा; एरवी कधी ध्यानातही न येणारा, पण इथे एवढा मोठा की त्याने तपासणीचे दोन-तीन आवाज तरी गिळले असणार. मग मानेतली शीर, मान वळवली की कॉलरची घासाघीस. आणि या सगळ्याच्या मागे उजव्या कानातली ती बारीक, न थांबणारी शीळ, जिच्यासाठी मी तिथे आले होते. बटणावर अंगठा ठेवून मी बसले होते आणि दर वेळी एकच प्रश्न पडत होता: हे बाहेरून आलं, की माझंच?

रिपोर्टवरची रेघ डावीकडून बरीच सरळ चालत येऊन उजवीकडे, उंच पट्टीच्या आवाजांपाशी, उतरणीला लागली होती. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पेनाचं टोक त्या उतरणीवर ठेवून शांतपणे सांगितलं की आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या काही केशपेशी गेल्या आहेत आणि त्या परत येत नाहीत. मी मान डोलावली. पण घरी येताना मनात रेघ नव्हती, तो खोलीतला प्रश्न होता. त्याच्या मागे लागून वाचत सुटले ती थेट माशांपाशी जाऊन पोचले.

त्यात तसं नवल नाही. केशपेशींविषयी काहीही वाचायला घ्या, थोड्या वेळात मासा येतोच. आपल्या केशपेशी कवटीतल्या अतिशय टणक हाडाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या नळीत दडलेल्या असतात. जिवंत माणसात त्या बघायच्या म्हणजे कठीणच. माशाच्या कानात त्या आहेतच, शिवाय अंगावरही आहेत, उघड्यावर. टाकीतला एखादा गोल्डफिश काचेजवळ आला की भिंगातून नीट बघा. कल्ल्याच्या मागून निघून शेपटीपर्यंत गेलेली एक तुटक रेघ दिसेल. ती रंगाची नाही. त्या ओळीतल्या खवल्याखवल्यावर एक छोटी नळी आहे आणि तिला सुईच्या टोकाएवढं तोंड आहे. डोक्यावर गेल्यावर या रेघेला फाटे फुटतात; एक डोळ्याच्या वरून जातो, एक खालून, एक जबड्याकडे उतरतो. ही पार्श्वरेखा. आणि दिसते ती फक्त तिची नळीच्या छपराखालची बाजू. छपराबाहेर, थेट कातडीवर बसलेले केशपेशींचे बिंदू वेगळेच; ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

माणसांनी ही भोकं फार पूर्वी पाहिली. सतराव्या शतकात स्टेनो आणि लोरेंझिनी यांनी शार्क-रे जातीच्या माशांच्या डोक्यावरची छिद्रं टिपून ठेवली होती. पण त्यांतून चिकट द्रव येतो म्हणून पुढे कितीतरी काळ या सगळ्याला बुळबुळीतपणा तयार करणाऱ्या ग्रंथी समजलं गेलं. 1850 मध्ये लायडिख नावाच्या जर्मन अभ्यासकाने हे ज्ञानेंद्रिय आहे असं म्हटलं, 1908 मध्ये होफरने पाइक माशावर प्रयोग करून ते पाण्याच्या हालचालीसाठी आहे हे दाखवलं, आणि 1930च्या दशकापासून डायकग्राफ या डच शास्त्रज्ञाने त्याला दुरून होणारा स्पर्श म्हणून मांडलं. दूर म्हणजे फार नव्हे. माशाच्या एक-दोन लांब्यांइतकं. त्यापलीकडे पाण्याची ही सळसळ विरून जाते.

पण तेवढ्या परिघात काय काय चालतं! 1976 मध्ये काही संशोधकांनी सेथ नावाच्या समुद्री माशांच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणं बसवली आणि त्यांना डोळस माशांच्या थव्यात सोडलं. आंधळे केलेले मासे थव्यात राहिले, थव्याबरोबर वळले. 2001 मध्ये युरोपातल्या मोठ्या कॅटफिशला पूर्ण अंधारात गप्पी माशांबरोबर ठेवून चित्रण केलं, तेव्हा दिसलं की तो गप्पीकडे सरळ झेपावत नाही. गप्पी ज्या वाटेने गेला ती वाट धरून मागून येतो. पोहून गेलेल्या माशामागे पाण्यात भोवऱ्यांची माळ राहते, आणि 10 सेकंदांपूर्वीची माळसुद्धा या शिकाऱ्याला पुरते. म्हणजे शिकार आत्ता कुठे आहे हे माहीत नसताना ती थोड्या वेळापूर्वी कुठे होती यावरून तो तिला गाठतो. हे वाचल्यावर मी काही काळ पुढे वाचलंच नाही. डोळ्यांनी जगणाऱ्याला भूतकाळ असा समोर पसरलेला मिळत नाही.

आता तो बिंदू. त्याचं नाव न्यूरोमास्ट. झेब्राफिशचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, म्हणून त्याच्या अंगावर हे बिंदू जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. मधोमध केशपेशींचा झुबका, भोवती आधाराच्या पेशी, आणि वर पाण्यात उभी असलेली जेलीची नाजूक टोपी. प्रत्येक केशपेशीच्या डोक्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेले केस, आणि सर्वांत उंच पायरीच्या बाजूला एक वेगळा लांब केस. पाणी हललं की टोपी कलते, टोपीत रुतलेले केस कलतात. उंच बाजूकडे कलले तर पेशीतले बारीक दरवाजे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि चेतातंतूला निरोप जातो. उलट बाजूला कलले तर दरवाजे मिटतात. एकाच झुबक्यात निम्म्या पेशी एका दिशेला तोंड करून असतात आणि निम्म्या बरोबर विरुद्ध दिशेला. आणि एक चेतातंतू एकाच दिशेच्या पेशींचं ऐकतो. शिवाय पाणी स्थिर असतानाही हे तंतू अधूनमधून धडधडत असतात. त्यामुळे धडधड वाढणं हा जसा निरोप, तसा ती मंदावणं हाही निरोपच. मेंदूला गप्प बसण्याचाही अर्थ लावता येतो.

उघड्यावरचे बिंदू प्रवाहाचा वेग सांगतात. नळीतले बिंदू दोन छिद्रांमधल्या दाबाचा फरक, म्हणजे प्रवाहातला अचानक बदल टिपतात. संथ, एकसारखा वाहणारा प्रवाह नळीत फारसा शिरत नाही. म्हणून वाहत्या पाण्यातही नळीतल्या बिंदूंना जवळची वळवळ कळू शकते. कातडीच्या पातळीवर निवड सुरू झालेली असते, मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच.

तिथून तंतू निघतात, डोक्याचे वेगळे आणि धडाचे वेगळे, आणि पश्चमेंदूत शिरून एका लांबट पुंजात उतरतात. त्याचं पाठ्यपुस्तकी नाव जिभेला पेलवणारं नाही. मी त्याला पहिलं ठाणं म्हणते. डोक्याचे तंतू तिथे एका बाजूला टेकतात आणि शेपटीकडचे दुसऱ्या बाजूला, म्हणजे अंगाचा एक ढोबळ नकाशा तिथे आहे. काही निरोप मात्र ठाण्यात थांबत नाहीत. पश्चमेंदूत माउथनर नावाच्या दोन राक्षसी चेतापेशी असतात, डावी आणि उजवी. कानाकडून, डोळ्यांकडून आणि पार्श्वरेखेकडून आलेला धक्का पुरेसा मोठा असेल तर त्यांतली एक पेशी एकदाच कडाडते, तिचा तंतू पलीकडच्या बाजूच्या सगळ्या स्नायूंना एका दमात आवळतो, आणि मासा चंद्रकोरीसारखा वाकून निसटतो. सेकंदाच्या काही शतांश भागात हे सगळं आटोपतं. विचार करायला वेळ हवा असेल तर आधी जगलं पाहिजे, असा हा मामला. बाकीचे निरोप ठाण्यातून बहुतांशी विरुद्ध बाजूच्या मध्यमेंदूत जातात. तिथल्या पेशी नुसत्या थरथरीला फार भाव देत नाहीत. काहीतरी अंगाच्या कडेने सरकत गेलं, तेही विशिष्ट दिशेने, तर त्या जाग्या होतात. शेजारीच दृष्टीचा नकाशा आहे.

आणि इथे माझा कपाटातला प्रश्न पुन्हा उभा राहिला.

कारण पाणी सर्वांत जास्त कोण हलवतं? मासा स्वतः. त्याच्या शेपटीचा प्रत्येक फटका अंगावरून प्रवाह नेतो. तो जागचा हलला नाही तरी तोंड उघडतं-मिटतं, कल्ल्यांची झाकणं उघडतात-मिटतात, आणि ती तर डोक्यावरच्या छिद्रांच्या अगदी शेजारी. समोर दोन इंचांवर एखादा बारकासा किडा पाय हलवतोय आणि माशाच्या कानाशी, नव्हे अंगाशी, त्याचा स्वतःचा श्वास घोंघावतोय. मी निदान बटण दाबायच्या आधी श्वास रोखून धरू शकत होते (धरलाही). माशाला ती सोय नाही.

यावर त्याच्याकडे दोन इलाज आहेत, आणि दोन्हींचा स्वभाव पार वेगळा. पहिला इलाज दांडगा. पश्चमेंदूतल्या मूठभर पेशींचे तंतू उलट्या दिशेने, मेंदूकडून कातडीकडे जातात आणि थेट केशपेशींवर टेकतात. पोहण्याचा हुकूम शेपटीला सुटला की त्याची एक प्रत यांना मिळते आणि केशपेशींचा आवाज खाली येतो. अर्थात पोहताना मासा काही अंशी बहिरा होतो. पण पुरता नाही. 2020 मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर झालेल्या कामात असं दिसलं की डोक्याकडून शेपटीकडे जाणारा प्रवाह टिपणाऱ्या, म्हणजे पुढे पोहल्यामुळे ज्या भडकणारच अशा पेशी दाबल्या जातात, आणि उलट्या तोंडाच्या पेशी बऱ्याचशा मोकळ्या राहतात. मागून काही आलं तर कळायला वाट उघडी.

हुकमाची प्रत ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्या मुळाशीही एक मासा आहे. 1950 मध्ये रॉजर स्पेरीने एका माशाचा डोळा खोबणीत उलटा फिरवून बसवला. मासा गोल गोल फिरत राहिला, थांबेचना. मी वळलो की जग किती सरकेल याचा हिशेब त्याच्या मेंदूत तयार होता. डोळा उलटा झाल्यावर तो हिशेब जगाशी जुळून वजा होण्याऐवजी त्यात भर घालत गेला. त्याच वर्षी फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनीही जर्मनीत जवळपास हेच सूत्र मांडलं. प्रयोग क्रूरच, पण तो मासा डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरा इलाज पहिल्या ठाण्यात आहे, आणि मला तो अधिक आवडतो. या ठाण्याची घडण लहान मेंदूसारखी आहे. तिथल्या मुख्य पेशींना दोन बाजूंनी फांद्या फुटतात. खालच्या फांद्यांवर पार्श्वरेखेच्या बातम्या येतात. वरच्या फांद्या शेकडो समांतर तंतूंच्या थरात पसरलेल्या असतात, आणि ते तंतू भलत्याच बातम्या आणतात: आता श्वास घेतोय, आता कल्ला मिटतोय, आता पर हलवला, इकडे वळलो. वरचा थर म्हणजे मासा स्वतःविषयी जे जे जाणतो ते सगळं. यातला जो तंतू नेमका मुख्य पेशी भडकण्याच्या वेळीच बोलतो त्याची जोडणी हळूहळू सैल होत जाते. जो इतर वेळी बोलतो त्याची घट्ट होते. कुणी शिकवायला नको. थोड्या वेळात वरचा थर खालच्या बातमीतल्या अपेक्षित भागाची बरोबर उलटी आकृती तयार करतो, आणि दोन्हींची बेरीज शून्याकडे जाते. उरतं ते अनपेक्षित.

1994 मध्ये जॉन मॉन्टगोमेरी आणि डेव्हिड बॉडझ्निक यांनी हे स्कॉर्पियनफिशच्या पार्श्वरेखेत आणि स्केट माशाच्या विद्युतसंवेदनेत दाखवलं. चेतातंतूंत श्वासाची लय ढळढळीत दिसते, आणि एक पाऊल पुढे, मुख्य पेशींत, ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. मग त्यांनी माशाच्या श्वासाला जोडून एक कृत्रिम उद्दीपन द्यायला सुरुवात केली, दर श्वासाला ठरल्या वेळी. पेशीने सुरुवातीला दखल घेतली. काही मिनिटांत ती सरावली आणि गप्प झाली. मग त्यांनी उद्दीपन बंद केलं. आता काहीच येत नव्हतं, नुसता श्वास चालू होता. पेशी बोलायला लागली. उद्दीपनाने जिथे ती भडकायची तिथे आता दबायची, जिथे दबायची तिथे भडकायची. जे येणं थांबलं होतं त्याचीच उलटी प्रतिमा ती दर श्वासाला उमटवत राहिली, विसरेपर्यंत. त्याआधी, 1981 मध्ये, कर्टिस बेल यांना विद्युत माशात याच जातीची गोष्ट सापडली होती.

मी हा परिच्छेद वाचला तेव्हा रात्र होती आणि उजव्या कानात शीळ चालू होती.

शांतता ही रिकामी गोष्ट असते असं मी धरून चालले होते. काही नसलं की शांतता. या माशाच्या मेंदूत ती मेहनतीने बनवलेली आहे, दर श्वासाला नव्याने, समोरच्या आवाजाला तंतोतंत उलट काहीतरी रचून. आणि समोरचं निघून गेलं तर ती रचनाच ऐकू यायला लागते. मला आठवलं, लहानपणी रात्रभर चालणारा पंखा वीज गेल्यावर थांबला की सगळे दचकून जागे व्हायचे. न थांबलेल्या पंख्याने कधी कुणी उठलं नाही.

हे नुसतं माशापुरतं नाही. सस्तन प्राण्यांमध्ये कानाची चेता मेंदूत जिथे पहिल्यांदा उतरते तिथला एक भाग, पृष्ठीय कर्णावर्त केंद्रक, असाच लहान मेंदूच्या धाटणीचा आहे. तेच समांतर तंतू, तशीच दोन बाजूंच्या फांद्यांची मुख्य पेशी. 2017 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की उंदीर चाटतो तेव्हा त्या चाटण्याचा आवाज याच ठिकाणी वजा होतो. आणि कानात सतत वाजण्याचं मूळ शोधणारे संशोधक मेंदूतल्या ज्या जागांकडे बोट दाखवतात त्यांत ही एक आहे: कानाकडून येणारी बातमी घटली की इथल्या पेशी जास्तच बडबडू लागतात. माझी शीळ म्हणजे माशाच्या त्या उलट्या प्रतिमेचीच भावंड, असं म्हणायचा मोह मला फार झाला. तो आवरते. यंत्रणा सख्खी असली तरी आजार तोच असेल असं नाही, आणि आपल्या दुखण्याला सुंदर कारण सापडलं की माणूस जरा जास्तच लवकर समाधान पावतो. तरी त्या रात्रीनंतर मी शिळेकडे वेगळ्या कुतूहलाने बघते, एवढं खरं. पूर्वी नुसता राग यायचा.

हेवा मात्र वाटतो, तो दुसऱ्याच गोष्टीचा. नियोमायसिनसारखं प्रतिजैविक पाण्यात टाकलं की झेब्राफिशच्या पिल्लाच्या अंगावरच्या केशपेशी मरतात; आपल्याही आतल्या कानाला त्याच कुळातली औषधं घातक ठरू शकतात. पिल्लाच्या बाबतीत दोन-तीन दिवसांत आधाराच्या पेशी विभागतात आणि नवा झुबका उभा राहतो, दिशांची जुळणी, चेतातंतूंची जोडणी यांसकट. पक्ष्यांच्या कानातही त्या पुन्हा येतात. आपल्याकडे शंखातल्या केशपेशी जन्माआधी मिळतात तेवढ्याच. बाईंनी उतरणीवर टेकवलेलं पेन मला तेव्हा आठवलं. बोटाएवढ्याही नसलेल्या माशाला जे जमतं ते आपल्याला का नाही, यावर कितीतरी प्रयोगशाळांत लोक डोकं घालून बसले आहेत, आणि टाकीतलं ते पिल्लू त्यांच्यासमोर सहज ते करून दाखवतं.

या सगळ्या वाचनात मी एक निष्कर्ष मनाशी जवळजवळ पक्का करून टाकला होता: दुसऱ्याचं ऐकायचं तर स्वतःला वजा करावं लागतं. छानसं वाक्य होतं, कुठेही शोभलं असतं. मग मेक्सिकोच्या गुहांतला आंधळा मासा आला आणि ते वाक्य बिघडलं.

ॲस्टियानॅक्स मेक्सिकानस. त्याच जातीचे डोळस भाऊबंद बाहेर नद्यांत राहतात. गुहेतल्यांचे डोळे गर्भावस्थेत तयार व्हायला लागतात आणि मग झिजून जातात. त्याच्या डोक्यावर न्यूरोमास्ट जास्त, आकारानेही मोठे. गुहेत प्रकाश नाही, आणि समोरची भिंत तर हलत नाही. ती पाण्यात कसलीच लहर सोडत नाही. मग ती कळायची कशी? हा मासा स्वतःच्या हालचालीने कळवून घेतो. पुढे सरकताना त्याच्या अंगाभोवती पाण्याचा एक साचा तयार होतो, भिंत जवळ आली की तो साचा दबतो, वाकतो, आणि कातडीला तेवढा फरक जाणवतो. अनोळखी जागी सोडलं तर तो जोरात पोहतो. वेग वाढला की साचा ठळक होतो. समोरची भिंत त्याला शरीराच्या लांबीच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर आल्यावर कळते आणि तरी तो वळतो. शेपटी मारत आला तर आपटण्याची शक्यता जास्त, नुसता घसरत आला तर कमी. म्हणून तो एक फटका मारतो आणि घसरतो, एक फटका मारतो आणि घसरतो.

म्हणजे इथे स्वतःचा गोंगाट हाच दिवा आहे. तो पुरता विझवला तर भिंतही गेली. आणि 2022 मधलं काम सांगतं की एकाहून अधिक गुहांतल्या या माशांमध्ये तो दांडगा इलाज, पोहताना केशपेशींचा आवाज खाली आणणारा, सैल पडला आहे. नदीतले भाऊबंद पोहताना जितके बहिरे होतात तितके हे होत नाहीत. काय वजा करायचं आणि काय राहू द्यायचं, हे कोण कुठे राहतं यावर ठरत असावं. उंदराने आपल्या चाटण्याचा आवाज खुशाल खोडून टाकावा, त्याचं काही अडत नाही. या माशाने तसं केलं तर तो पहिल्याच दगडावर नाक आपटून घेईल.